झांज, गळा, ढोल

आमच्या घरात सकाळचा पहिला शब्द 'हॅलो' असायचा. तो कोणाला उद्देशून नसायचा. बाबा ओटीवरच्या लाकडी बाकाशी उभे राहून, आदल्या दिवशी कार्यक्रमाहून परत आलेला माइक तोंडापाशी धरून 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन' म्हणायचे, आणि स्वयंपाकघरातून आई न चुकता उत्तर द्यायची, "आलं ऐकू. चहा घ्या." मग माझी वेणी, शाळेचा डबा, पाणी तापल्याची हाक, असं सगळं सुरू व्हायचं. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या मामीला वाटलं, घरात फोन आलाय आणि लाइन नीट लागत नाहीये. ती बिचारी दोन दिवस फोन शोधत होती.

ओटी म्हणजेच बाबांचं दुकान. आळीतले बिघडलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर, एखादा घरघरणारा पंखा तिथे पोटं उघडून पडलेले असायचे आणि सोल्डरिंगच्या राळेचा गोडसर धूर त्या सगळ्यावर तरंगायचा. त्या वासात आईच्या फोडणीचा वास मिसळला की मला अजूनही भूक लागते. भिंतीला टेकून दोन उंच काळे स्पीकर उभे असायचे. बाबा साउंड भाड्याने द्यायचे. मोठी लग्नं, पुढाऱ्यांच्या सभा हा त्यांचा प्रांत नव्हता. सत्यनारायण, मुंज, शाळेचं गॅदरिंग, देवळातलं कीर्तन, एखाद्या हौशी गायकाची घरगुती मैफल, एवढाच त्यांचा पसारा, आणि तो त्यांना आवडायचा. "हजार माणसांना कोणीही ऐकवील," ते म्हणायचे. "पन्नास माणसांना ऐकवायचं तर लक्ष द्यावं लागतं."

मिक्सर आमच्याकडे आला तो मोठाल्या फुलांच्या मऊ ब्लँकेटमध्ये गुंडाळून. आणला इकबालचाचांनी. चाचा खाडीकडच्या राजिवडा मोहल्ल्यातले, बाबांचे शाळेपासूनचे मित्र. बरीच वर्षं कुवेतला एका हॉटेलात काम करून ते कायमचे परत आले तेव्हा त्यांनी चाचींसाठी अत्तर आणलं, मुलांसाठी चॉकलेटं आणली आणि बाबांसाठी हा मिक्सर. "अर्धा माझा, अर्धा तुझा," ओटीवर ब्लँकेट सोडत ते म्हणाले, "आन् बिघडला तर सगला तुझा." त्या दिवसापासून दोघं भागीदार झाले. बाबा वायरी आणि यंत्रं बघायचे, चाचा माणसं बघायचे.

मिक्सरवर माइकसाठी सहा रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेत आवाजाचं एक आणि सुराची तीन अशी बटणं. त्यांच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं होती. बाबा ती वाचत बसले नाहीत. त्यांनी रेडिओ जोडला, प्रत्येक बटण फिरवून पाहिलं, कान तिरका करून ऐकलं आणि आपली नावं ठेवली. वरचं बटण झांज, मधलं गळा, खालचं ढोल. वरच्याने किणकिण वाढते, मधल्याने माणसाचा आवाज पुढे येतो, खालच्याने छातीत घुमणारा दणका. मी शाळेतून आल्यावर त्यांना ती अक्षरं हाय, मिड, लो अशी वाचून दाखवली. बाबांनी कौतुकाने ऐकलं. म्हणाले, "वा, बरोबर आलं की माझं. पण मी आपला झांजच म्हणेन हो." आज माझ्यासमोर टॅबच्या काचेवर बोटाने सरकवायच्या पट्ट्या असतात आणि मदतीला येणारी मुलं मला आकड्यांत सांगतात, मॅडम, इतक्यावर कट करू का. मी मान हलवते. मनात मात्र झांज, गळा, ढोल असंच चालू असतं.

मी तेव्हा फार कमी बोलायचे. बाबांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे डॉक्टरांच्या, बँकेतल्या साहेबांच्या मुली होत्या आणि त्यांच्यात मी रेडिओवाल्याची मुलगी होते. आळीत परत आलं की मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत इंग्रजी वाक्य आधी मनात पूर्ण जुळवून मगच तोंडाबाहेर काढायचे, आणि ती सवय इतकी अंगात भिनली की मराठीतही तसंच व्हायला लागलं. वाक्य जुळेपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. मग गप्प बसणंच बरं वाटायचं. मी बघायचे. कोण कोणाशेजारी बसायचं टाळतं, कोण हसताना तोंडावर हात ठेवतं, कोणाला ऐकू कमी येतं पण तो तसं दाखवत नाही, हे सगळं मला ठाऊक असायचं. कोणी विचारलं तर सांगितलंही असतं, पण कोणी विचारत नसे.

मिक्सरच्या मागची जागा मला म्हणूनच आवडली. सुट्टीत बाबांबरोबर कार्यक्रमाला गेलं की मी त्यांच्याशेजारी खुर्चीत बसायचे. स्टेजच्या बाजूला, अर्ध्या अंधारात, सगळे दिसतात पण आपण कोणाला दिसत नाही अशी ती जागा. तिथे बसून मी आवाज लावायला शिकले. बाबा रिकाम्या देवळात शिरले की आधी एक टाळी वाजवायचे आणि ती कशी परत येते ते ऐकायचे. "रिकामं देऊळ खोटं बोलतं," ते म्हणायचे. चिऱ्याच्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे सकाळी लावलेला आवाज भरघोस वाटतो. माणसं येऊन बसली की तोच आवाज त्यांच्या कपड्यांत, केसांत, अंगात मुरून जातो. म्हणून सकाळी लावायचं ते नुसतं अंदाजाने, खरं काम माणसं बसल्यावर. स्पीकरच्या तोंडासमोर माइक आला की शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की घाबरून सगळं बंद करायचं नाही, जो माइक ओरडतोय तोच शोधून खाली आणायचा. हे सगळं त्यांनी समोर बसवून कधी शिकवलं नाही. ते करत होते, मी बघत होते.

चाचांकडून मात्र मी एक वेगळीच विद्या शिकले. आमच्याकडे पाचच माइक होते, त्यामुळे सहाव्या रांगेला वायर कधी जोडलेलीच नसायची. एकदा एक गायक पहिल्याच गाण्यापासून हातवारे करत होते, माझा आवाज वाढवा, माझा आवाज वाढवा. त्यांचा आवाज चांगला खणखणीत येत होता. चाचांनी गंभीर चेहरा करून सहाव्या रांगेच्या बटणाला हात घातला, ते केसभर फिरवलं आणि भुवया उंचावून गायकाकडे पाहिलं. गायकांनी डोळे मिटून मान डोलावली, हां, आता बरोबर. मला हसू आवरेना. चाचा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "हसू नको गो. त्याला आवाज नको व्हता, कोन तरी आयकतंय येवडंच पायजे व्हतं."

आता आईबद्दल सांगायला हवं. आई गाणं शिकली नव्हती, पण घरात तिचा आवाज सतत असायचा. नारळ खवताना वेगळी चाल, पिठलं ढवळताना वेगळी. चैत्रात तर विचारू नका. ओले काजूगर सोलताना बोटं चिकानं काळी व्हायची, ती तेल लावून बसायची आणि तासन् तास अभंग म्हणत राहायची. आंबेडाळीसाठी कैरी किसतानाचा तिचा आवाज मला आजही कोणत्याही स्पीकरमधून आणता येणार नाही. त्यात ओलावा होता, आणि शब्द स्वच्छ. ती आळीतल्या बायकांच्या भजनी मंडळात होती. मंगळवारी दुपारी कोणाच्या तरी माजघरात त्या जमायच्या आणि वर्षातून एकदा, आळीतल्या देवळाच्या चैत्रातल्या उत्सवात, सगळ्यांसमोर बसायच्या. वेळ दुपारी चारची. उन्हाने अंगण तापलेलं, जेवणं जड झालेली, सभामंडपात निम्मी माणसं खांबाला टेकून डुलकी घेत असायची. संध्याकाळची चांगली वेळ बाहेरगावाहून येणाऱ्या बुवांची.

आणि दर वर्षी एकच तक्रार, बायकांचं ऐकू येत नाही. झांजेची खणखण तेवढी येते, शब्द एक कळत नाही. बाबा दर वर्षी आवाज थोडा अधिक वाढवायचे, खणखण आणखी वाढायची, मध्येच शिट्टी वाजायची आणि डुलक्या घेणारी माणसं दचकून उठायची. त्या वर्षी उत्सवाच्या आधी देवळाचे अण्णा आमच्या ओटीवर आले. उत्सवाची सगळी व्यवस्था अण्णांकडे असायची. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळात बघत बोलायची त्यांना सवय होती. बाबांना म्हणाले, "यंदा बसू दे त्यांना. पण हेच चालणार असेल तर पुढच्या वर्षीपासून चारला आपण कॅसेट लावू या. लोकांच्या कानाला निदान त्रास नको. तुम्हीच काय ते सांगा वहिनींना."

सांगायची गरज पडली नाही. आई दाराआड पन्ह्याचा पेला घेऊन उभी होती. तिने तो अण्णांना दिला, त्यांनी पिऊन "छान झालंय" म्हटलं आणि ते गेले. त्यानंतरचे काही दिवस मला चांगले आठवतात, कारण घरात बाबांचा हॅलो आणि दुरुस्तीचे रेडिओ सोडून आवाजच नव्हता. आई सगळी कामं करत होती, बोलतही होती, पण कैरी नुसतीच किसली जात होती, खसखस, खसखस. एकदा मी तिच्याशेजारी बसून विचारलं, "म्हणत नाहीस काही?" ती म्हणाली, "घसा बसलाय." घसा बसलेला नव्हता. मला एवढंच कळत होतं की वर्षातली ती एक दुपार गेली तर मंगळवारही जातील, आणि मंगळवार गेले तर हा घसा असाच बसलेला राहील.

उत्सवात बायकांच्या भजनाचा जो दिवस, नेमक्या त्याच दिवशी राजापूरला चाचांच्या भाचीचं लग्न निघालं. घरचंच लग्न, म्हणून दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेला मोठा सेट घेऊन दोघांनाही जाणं भाग होतं. बाबांनी सकाळी देवळात आपला छोटा सेट लावला. मिक्सर, दोन स्पीकर सभामंडपात, एक कर्णा बाहेर पारावर. मग त्यांनी माझ्याकडची नेलपॉलिश मागून घेतली आणि प्रत्येक बटणाशी, ते जिथे असायला हवं तिथे, एक एक लाल ठिपका दिला. हाताच्या ओघात वायर नसलेल्या सहाव्या रांगेलाही दिला. "बटणं ठिपक्यावर ठेवायची," ते मला म्हणाले. "तू फक्त चालू करायचं आणि बसायचं. शिट्टी आली तर थोडं खाली आणायचं, बस्स." मी मान डोलावली. ठिपके मागच्या वर्षी बटणं होती त्यापेक्षा वर होते, हे मला दिसलं.

चार वाजता बायका आल्या. मोगऱ्याचे गजरे, इस्त्रीच्या साड्या, टाळझांजांच्या पिशव्या. त्या कशा बसतात ते मी लहानपणापासून बघत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मिक्सरच्या मागून एकटी बघत होते. गाण्यासाठी माइक एकच, तो मधोमध, देवाच्या समोर. आणि माइकचा मान मोठ्यांचा. हळदीकुंकवाचं पहिलं बोट ज्यांना लागतं, त्यांनी माइकसमोर बसायचं. म्हणजे माईकाकूंनी. माईकाकू आळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्या पुढे आल्या की पोरं खेळ थांबवायची आणि सुना पदर सावरायच्या. त्या गात नसत, त्यांचा घसा कधीच गेला होता. त्या झांज वाजवायच्या. वजनदार पितळी झांज, त्यांच्या सासूची. त्यांच्यामागे वयाप्रमाणे बाकीच्या, आणि सगळ्यात मागे, खांबाच्या कडेला, पेटीच्या पलीकडे माझी आई, कारण आळीतली ती सगळ्यात नवी सून. माझ्या जन्मानंतरही आमच्या आळीत नवी सून आलेली नव्हती.

मी बटणं ठिपक्यांवर आणली. भजन सुरू झालं आणि माईकाकूंची झांज स्पीकरमधून पत्र्यावर नारळ पडावा तशी कोसळली. मागे कुठेतरी बायका गात होत्या, ओठ हलताना दिसत होते. शिट्टीने एकदा डोकं वर काढलं. मी आवाज खाली आणला तर गाणं पूर्णच गेलं, झांज उरली. झांजेचं बटण उतरवलं तर खणखण कमी झाली, पण शब्द गोधडीखालून आल्यासारखे झाले. अण्णा खांबाला टेकून उभे होते, घड्याळाकडे न बघता नुसते उभे, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. पहिल्या ओळीतली माणसं चुळबुळायला लागली. चुळबूळ बघून माईकाकूंना वाटलं, ऐकू जात नाहीये. त्यांनी हात आणखी उंच नेला आणि झांज आणखी जोरात आपटली.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. बाबा दर वर्षी आवाज वाढवत होते कारण ऐकू येत नव्हतं, आणि माईकाकू दर वर्षी जोर वाढवत होत्या कारण ऐकू येत नव्हतं, आणि दोघं मिळून माझ्या आईला खांबामागे झाकत होते. मिक्सरवरच्या कुठल्याच बटणाने हे सुटणार नव्हतं. माइकसमोरून झांज हलायला हवी होती. आणि ते माईकाकूंना कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं.

पहिलं भजन संपलं. मी उठले. खुर्चीपासून त्यांच्यापर्यंतचा सभामंडप गुळगुळीत, गार लाद्यांचा. त्यावरून अनवाणी चालताना मी वाक्य जुळवत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग ते फार उद्धट वाटलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पोहोचले तेव्हा काहीच जुळलेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"काकू," मी म्हटलं, "तुमची झांज खूप छान ऐकू येते."

"मग?"

"म्हणजे... तेवढीच येते."

मागे कोणीतरी श्वास आत ओढला. माईकाकूंनी मला खालून वर पाहिलं. "तू सुधाची ना गो?"

"हो."

"बोलतेस म्हणजे. मला वाटलं, इंग्रजी शाळेत जीभ ठेवून येतेस."

दोघीतिघी हसल्या. माझे कान गरम झाले, पण आता उठून जाणं त्याहून कठीण होतं. "काकू, माइकला जे जवळ असतं तेच मोठं ऐकू येतं. झांज लांबूनही येईल. गाणं लांबून येत नाही. माइक थोडा मागे, गाणाऱ्यांकडे नेऊ का?"

"माइकला हात लावायचा नाही," माईकाकू म्हणाल्या. "तो देवासमोर आहे, तिथेच राहील."

मी मान खाली घातली. संपलं, असं वाटलं. तेवढ्यात माझ्यासमोर सुती नऊवारीची सळसळ झाली. माईकाकूंनी एक हात जमिनीवर टेकला, दुसरा शेजारणीच्या खांद्यावर, आणि बसल्या बसल्याच त्या मागे सरकायला लागल्या. "मी जात्ये मागे. इतकी वर्षं मला वाटत आलं, मागच्यांना ऐकू जात नाही म्हणून मीच जोर लावायला हवा. कोणी मेलं सांगितलं नाही." मग मान वळवून, "सुधा, ये पुढे."

आई खांबामागून म्हणाली, "मी कशाला माई, बाकीच्या आहेत की."

"माझे गुडघे सोलतायत सरकताना आणि तू लाजत बस तिथे. ये म्हणत्ये ना."

आई आली. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून, माइककडे न बघता, जणू तो कोणीतरी परका पुरुष होता. ती बसल्यावर मी माइकची मान तिच्या हनुवटीच्या उंचीवर वाकवली. तिने माझ्याकडे बघितलं. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण मी नुसतं म्हटलं, "काजू सोलताना म्हणतेस तसं म्हण."

परत येऊन मी सगळी बटणं शून्यावर आणली. बाबांचे लाल ठिपके वर राहिले आणि बटणं खाली आली. पारावरचा कर्णा अगदी कमी केला, कारण त्याचा आवाज उशिराने आत परतत होता आणि शब्दांवर शब्द चढत होते. पेटीचे सूर सुरू झाले होते, ती खाली घेतली, तबला त्याहून खाली. मग फक्त आईचा माइक, हळूहळू वर, दूध तापवताना गॅस मंद धरतो तसा. गळा थोडा पुढे, ढोल जवळजवळ काढूनच टाकला. अण्णा खांबापाशी अस्वस्थ झाले. आवाज आधीपेक्षा कमी येतोय हे त्यांच्या कानाला कळलं असावं. त्यांनी मला हात वर केला. "अगो, वाढव. आवाज वाढव." मी त्यांच्याकडे पाहिलं, सहाव्या रांगेचं बटण धरलं आणि केसभर फिरवलं. भुवयाही उंचावल्या. अण्णांनी क्षणभर कान दिला आणि मान हलवली. "हां. आता ठीक."

आईने पहिला शब्द घेतला तेव्हा तो थरथरला. दुसरा सरळ आला. मग ओळ आली, पूर्ण, प्रत्येक अक्षर वेगळं, पाण्यात भिजवून सोललेल्या बदामासारखं. मागून माईकाकूंची झांज येत होती, आता नाजूक, जिथे हवी तिथेच, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या किती सुंदर वाजवतात. मी हात बटणावर ठेवून बसले होते, काही करायचं नव्हतं तरी. सभामंडपातल्या माणसांकडे बघत होते. खांबाला टेकलेला एक जण सरळ बसला. पायऱ्यांवर विडी ओढत बसलेले दोघे चपला काढून आत आले. आणि ध्रुवपद परत आलं तेव्हा अगदी मागच्या भिंतीपाशी बसलेल्या बायकांनी, कोणी न सांगता, ते उचललं. शब्द पोहोचल्याशिवाय कोणी असं उचलू शकत नाही. मग पुरुषांनी उचललं. आईने डोळे मिटले होते. माइकचा तिला विसर पडला होता.

आजवर मी कितीतरी कार्यक्रमांना आवाज लावला. सुरुवात करताना अजूनही सगळं खाली आणते आणि मग एकेक माणूस वर घेते. मदतीच्या मुलांना त्यात वेळ गेल्यासारखा वाटतो.

भजन संपल्यावर अण्णा माझ्याकडे आले नाहीत, ते माईकाकूंसमोर जाऊन उभे राहिले. "माई, पुढच्या वर्षी सहाला बसाल का?"

"सहाला तुमचे बुवा ना?" झांजेची दोरी गुंडाळत त्या म्हणाल्या.

"बुवा चारला बसतील."

"विचारून सांगते," माईकाकू म्हणाल्या. "सुधाला विचारायला हवं. आता पुढे ती बसणार."

बाबा आणि चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी राजापूरहून परतले, डोळ्यांत झोप आणि हातात लग्नाच्या मिठाईचा डबा. मिक्सर ओटीवरच होता, आदल्या दिवशी मी आणून ठेवला तसा. बाबा त्याच्यावर वाकले आणि एकेक ठिपका आणि एकेक बटण ताडून पाहू लागले.

"हे कोणी फिरवलं?"

"मी."

"सगळी खाली?"

"हो."

"आणि ऐकू आलं?"

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. बाकावर दुरुस्तीला आलेला एक रेडिओ बडबडत होता. बाबांनी हात लांबवून तो बंद केला. स्वयंपाकघरात आई घावन घालत होती आणि म्हणत होती, कालचंच, पण वेगळ्या चालीत. चाचांनी डबा खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी नीट केली. तवा चर्रर करायचा, थांबायचा, आणि त्या मधल्या जागेत तिचा आवाज यायचा.

बाबांनी मला सगळं विचारलं. मी सांगितलं, जुळवाजुळव न करता, तोंडाला येईल तसं. माईकाकू मागे सरकल्या तिथे आल्यावर त्यांनी मिक्सरवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "झांज जवळ आहे ते मला दिसत होतं. पण बायकांच्या मध्ये जाऊन माईंना सांगणार कोण? म्हणून आपला वाढवत गेलो." ते आत जाऊन थिनरची बाटली आणि कापूस घेऊन आले. एकेक लाल ठिपका पुसायला लागले, अगदी सावकाश, रंग बटणाला लागू नये म्हणून जपून. पहिली रांग झाली, दुसरी झाली. सहाव्या रांगेपाशी आल्यावर ते थांबले.

"हिला तर वायरच नाही. हिला कशाला रंग फासला मी?"

"तो राहू दे बाबा," मी म्हटलं. "काल तोच उपयोगी पडला."

चाचा आधी हसायला लागले. मग बाबांनी कापूस खाली ठेवला.